एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्नचा फेरा

ऐका ना, आधी तो हॉल डोळ्यांसमोर आणा. खाली फर्निचरचं दुकान, वर लांबलचक हॉल, आणि जिन्यापासूनच अशी रेटारेटी की मला वाटलं वर कुणीतरी काहीतरी फुकट वाटतंय. खुर्च्या संपल्या म्हणून लोकांनी खालच्या दुकानातले विकायचे स्टूल उचलून आणलेले. दुकानदार "अहो, पॉलिश ओलं आहे!" म्हणून मागे धावतोय, ऐकतंय कोण? कारण सगळा हॉल एका सुरात ओरडतोय, "एक-चार-दोन! आठ-पाच-सात! एक-चार-दोन! आठ-पाच-सात!"

मी मावशीला विचारलं, "हा कुणाचा फोन नंबर?"

मावशीने दंडाला असा चिमटा काढला की अजून खूण आहे. "गप बस. तो महाअंक आहे."

स्टेजवर एक भलं मोठं गोल चाक. त्याच्या कडेला सहा दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली एक आकडा. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. शेजारी पडद्यावर कॅल्क्युलेटर. आणि मधोमध अंकगुरू. पांढरा सूट, पांढरे बूट, आणि केस इतके काळेभोर की रंगाचा वास आम्हाला तिसऱ्या रांगेत येत होता.

"बंधूंनो, भगिनींनो!" गुरूंनी हात पसरले. "जगात आकडे किती? अनंत. पण सगळे भाडेकरू! आज आहेत, उद्या गुणाकार झाला की ओळखू येत नाहीत. घरमालक एकच. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! त्याला दोनाने गुणा."

पडद्यावर आलं २८५७१४.

"बघा! तेच सहा अंक! फक्त दारातून उठून खिडकीत बसले. तिनाने गुणा!"

४२८५७१. परत तेच सहा, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात दुसरीकडून. चाकावरचे दिवे चारपासून गोल पेटत गेले. चारने गुणलं, पाचने, सहाने. दरवेळी तेच सहा जण गोलगोल फिरतायत, ना कुणी नवा आला, ना कुणी गेला.

"काहीही करा, हलत नाही," माझ्या मागचा माणूस पुटपुटला. "आमचा घरमालक अस्साच आहे."

हसू नका. म्हणजे हसा, पण खरं सांगते, मी कॉमर्सवाली, दिवसभर आकडे बघते, तरी माझाही आ झाला. आणि अजून खरी गंमत पुढेच होती.

"आता माझंच वय घ्या," गुरू म्हणाले. "बावन्न!"

बावन्नने गुणलं. आलं ७४२८५६४.

"अरेरे, सात अंक झाले! घाबरू नका. हा पहिला सात म्हणजे वाट चुकलेलं लेकरू. त्याला पुढून उचला आणि मागे आईच्या कुशीत घाला. म्हणजे मिळवा!"

पुढचा सात काढला, उरलेल्या ४२८५६४ मध्ये मिळवला. ४२८५७१. दिवे परत गोल पेटले. हॉलमध्ये अशा टाळ्या की खालच्या दुकानातली कपाटं हादरली असतील. मग ज्याने त्याने आपलं वय ओरडायला सुरुवात केली. तेवीस! एकसष्ट! प्रत्येक वेळी लेकरू कुशीत, आणि तेच सहा अंक. माझं बावीस टाकलं, तर काय यावं? जसाच्या तसा १४२८५७. स्वतः महाअंक!

"ही तर त्याची मानसकन्या!" गुरू ओरडले. बायका मला हात लावून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं.

पण आम्ही माझ्यासाठी गेलोच नव्हतो. आईसाठी गेलो होतो.

तुम्हाला माहितीये, बाबा गेल्यापासून घर आईच्या शिलाईच्या दुकानावर चाललंय. त्या महिन्यात तिच्या छातीत गाठ निघाली होती. सुई घालून तपासणी झाली, आणि सर्जन बाईंनी स्पष्ट सांगितलं, ही चांगली गाठ नाही, ऑपरेशन लवकर करायचं, याच महिन्यात. आईने मान डोलावली, घरी आली, आणि त्या दिवसापासून शिलाई मशीनला हात लावेना. मावशी म्हणाली, "जरा गुरूंकडे नेऊ. मनाला धीर येईल." मी म्हटलं, येत असेल धीर तर येऊ दे.

काय धीर आला, ते ऐका.

गुरूंनी आईला पुढे बोलावलं. आवाज एकदम लोण्यासारखा. "ताई, वय?"

"एकोणपन्नास."

"पूर्ण झालीत ना?"

"हो, पूर्ण."

बटणं दाबली. ६९९९९९३. पुढचा सहा उचलला, मागे मिळवला. पडद्यावर आलं ९९९९९९.

आणि चाकावरचे सहाच्या सहा दिवे फट्कन विझले.

मगाशी बोंबलणारा हॉल असा गप्प झाला की स्टुलांची करकर ऐकू यायला लागली. गुरू आईकडे बघत राहिले, मग डोळे मिटून म्हणाले, "वर्तुळ बंद. ताई, या वर्षी अंकाने तुमच्याकडे पाठ फिरवलीये. बंद वर्तुळात लोखंड शिरलं की प्राण बाहेर पडतो. पुढच्या वाढदिवसापर्यंत अंगाला पातं लावायचं नाही. हे महाअंकाचं चक्र गळ्यात घाला, दर आठवड्याला इथे या, मी साधना करतो. वाढदिवसाला याच स्टेजवर वर्तुळ उघडून दाखवीन. नाही उघडलं तर हे केस भादरून टाकीन!"

चक्र फुकट नव्हतं, एवढंच सांगते. आणि आईचा वाढदिवस होता पाच महिन्यांनी.

घरी येऊन आई म्हणाली, "ऑपरेशन वाढदिवसानंतर." बस्स. त्या माणसाने तिच्या भीतीला तारीख लावून दिली होती. मी रडले, ओरडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. ती शांतपणे म्हणायची, "त्याला कसं कळलं गं? त्या अख्ख्या हॉलमध्ये माझेच दिवे कसे विझले? कुणाला सांगितलं होतं मी?"

हा प्रश्न मी रात्रभर उलटसुलट करून बघितला.

मग मी एकटीच सर्जन बाईंना भेटायला गेले. एकटी म्हणजे, मावशी हॉलवर सेवेला, म्हणून तिची मुलगी माझ्या गळ्यात. ही आमची पणका. वय अकरा. कुणी काहीही सांगितलं की आधी "पण का?" विचारते, म्हणून पणका. शाळेतल्या बाईंनी हात टेकलेत.

सर्जन बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अजून एक! नावं विचारू नकोस, सांगणार नाही. पण गेल्या काही महिन्यांत माझ्या चार बायका ऑपरेशन नको म्हणून निघून गेल्या. सगळ्या म्हणतात, वर्तुळ बंद आहे. एक पस्तिशीची, एक छप्पन्नची, एक एक्केचाळीसची, आणि आता तुझी आई एकोणपन्नास."

पणका खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "एक्केचाळीस चुकलं."

"काय चुकलं?"

"पाढा चुकला. सात पाचे पस्तीस, सात सक बेचाळीस, साती साती एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न. एक्केचाळीस कुठून आलं मध्येच?"

मी आणि डॉक्टर एकमेकींकडे बघतच राहिलो. हॉलमधली दोनशे माणसं, मी धरून, काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो, आणि ही पोरगी चौथीतला पाढा म्हणून मोकळी!

मी लगेच फोनवर गुणलं. १४२८५७ गुणिले सात. ९९९९९९.

म्हणजे ज्याच्या वयाला सातने पूर्ण भाग जातो, त्याचे दिवे विझणार. बाकी कुणाचे विझूच शकत नाहीत. आणि पुढच्या वाढदिवसाला वय एकाने वाढलं की सातने भाग जायचा बंद होतो, म्हणजे दिवे आपोआप पेटणार! साधना करा नाहीतर घोरत पडा. अरे, केस भादरायची पैज कशाच्या जोरावर लावत होता, कळलं का? पन्नासच्या बाईचे दिवे त्याने मनात आणलं तरी विझले नसते!

"पण मग एक्केचाळीस का?" पणकाने सोडलं नाही. मग स्वतःच म्हणाली, "तिने माझ्यासारखं केलं असेल. मी अकरा पूर्ण, पण मोठ्या मुलींत खेळायचं असलं की सांगते, बारावं चालू."

पूर्ण आणि चालू! बघा, आपल्याकडे कुणालाही वय विचारा, प्रत्येकाकडे दोन वयं असतात. एकोणपन्नास पूर्ण, पन्नासावं चालू. मला एकदम आठवलं, गुरूंनी आईला मुद्दाम विचारलं होतं, "पूर्ण झालीत ना?" तेवीसवाल्याला नव्हतं विचारलं. एकसष्टवाल्याला नव्हतं विचारलं.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "तुझं गणित छान आहे. पण मला आई आणून दे. गाठीला वाढदिवस कळत नाही. आज ती शर्टाच्या बटणाएवढी आहे. पाच महिन्यांनी कुठे कुठे पोचली असेल, ते मी सांगू शकत नाही."

मी धावतच घरी. आईला म्हटलं, बस, ऐक. कागद घेतला आणि एक भागिले सात केलं. "हे बघ आई, एकात सात जात नाही, शून्य घे, दहा. सातने भाग गेला एक, बाकी तीन. तीसला सातने भाग, चार, बाकी दोन. असं करत जा. सातने भागताना बाकी काय उरू शकते? एक ते सहा, बस्स, सातवी बाकी नाहीच. म्हणून सहा पायऱ्या झाल्या की परत पहिली बाकी येते आणि तेच आकडे परत सुरू. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. महाअंक म्हणजे एक सप्तमांशाची शेपटी, आई! तिनाने गुणलं म्हणजे काय, त्याच गोल बोळात दुसऱ्या दाराने शिरलो. बोळ तोच. आणि सातने गुणलं की सात सप्तमांश, म्हणजे अख्खा एक, बाकी काहीच नाही, म्हणून नुसते नऊ. वाट चुकलेलं लेकरू कुशीत घालतात ना, त्यात वयातले सगळे सात गाळले जातात आणि वरची बाकी तेवढी दिसते. माझं बावीस म्हणजे तीन सात एकवीस, वर एक. म्हणून मी मानसकन्या!"

केवढा दम लागला मला. आई म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग सात हा आकडाच माझ्यासाठी वाईट असेल. तू तर हेच सिद्ध केलंस की गुरू बरोब्बर सातवाल्यांना ओळखतात."

डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं मला! पण मग बघितलं, ती कागदाकडे बघतच नव्हती. तिचा हात छातीवर होता. तिला भागाकार नको होता, तिला न घाबरायला कारण हवं होतं, आणि माझ्याकडे तेवढं सोडून सगळं होतं. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या सभेला मी येते तुझ्याबरोबर. तिथे मी जे विचारीन ते नीट ऐक. मग तुझं तू ठरव."

पुढची सभा. तोच हॉल, तीच बोंब, फक्त दुकानदाराने आता जिन्यात स्टूल भाड्याने लावलेले. दाराशी मावशी आणि बाकीच्या सेविका येणाऱ्या प्रत्येकीशी गोड बोलत होत्या, "या ना, काय त्रास आहे? डॉक्टर काय म्हणाले?" मग एक सेवेकरी आत जाऊन गुरूंच्या कानाला लागायचा. मी हे गेल्या वेळीही बघितलं होतं. तेव्हा मला ती माया वाटली होती.

सभा रंगात आली तशी मी हात वर केला. "गुरुजी, मला अनुभव सांगायचाय!"

मानसकन्या म्हटल्यावर काय, लगेच स्टेजवर बोलावून माईक हातात. माझं तोंड कधी लटपटत नाही, तुम्हाला माहितीच आहे.

"माझ्या अनुभवाआधी," मी म्हटलं, "ज्यांचं वर्तुळ बंद आहे, त्यांनी जरा उभं राहून वय सांगा ना. आपण सगळे मिळून त्यांना धीर देऊ."

गुरू खूश. दहाबारा जण उठले. "अठ्ठावीस." "त्रेसष्ट." "पस्तीस." "छप्पन्न." आणि खालून पणका प्रत्येक वयाला ठेका धरून, "सात चोक! सात नव्वे! सात पाचे! सात आठे!" दोन रांगांतली पोरं तिला सामील झाली. हळूहळू मोठ्यांच्या लक्षात यायला लागलं. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर पाढा आहे!"

गुरू एक क्षण गडबडले. पण असले लोक मांजरासारखे, कसेही फेका, पायावरच पडतात. "धन्य! धन्य!" ते ओरडले. "या कन्येने रहस्य उलगडलं! सात हाच काळाचा अंक! म्हणूनच सातवं वर्ष जड!"

आणि टाळ्या! अरे, टाळ्या! मी पकडायला गेले आणि त्यांची जाहिरात करून बसले.

मग मी म्हटलं, थांब, मग तुझं औषध तुलाच देते.

"गुरुजी, मलाही साधनेत एक महाअंक मिळालाय. शून्य सात सहा नऊ दोन तीन. पडद्यावर टाकू? यालाही वाट चुकलेलं लेकरू कुशीत घ्यावं लागतं बरं का." लोक हसले. हसणाऱ्या हॉलसमोर नाही कसं म्हणणार? मी ७६९२३ टाकलं. "आता कुणाचं बरं वय घ्यावं? तुमचंच घेऊ. बावन्न."

३९९९९९६. पुढचा तीन उचलला, मागे मिळवला.

९९९९९९.

"अगं बाई," मी माईकमध्ये म्हटलं, "गुरुजींचं वर्तुळ बंद!"

हॉल फुटला नुसता. मागून कुणीतरी ओरडलं, "लोखंड लावू नका हो त्यांना! दाढी कशी करणार?" दुसरा म्हणाला, "केस भादरायची पैज पण गेली!"

"ही थट्टा आहे!" गुरूंचा लोण्यासारखा आवाज एकदम पातळ झाला. "कुठूनही उचललेला आकडा महाअंक होत नसतो!"

"कुठूनही नाही उचलला. एक भागिले तेरा केलं. तुमचा एक भागिले सात केला की मिळतो, माझा तेरा केला की. सात सोडून कशाने घाबरवायचं ते सांगा, हवा तसा आकडा काढून देते. सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न, पासष्ट वयाच्या लोकांनी आता माझ्याकडे यायचं का, गुरुजी?"

लोक हसत होते, पण मी आईकडे बघत होते. ती हसत नव्हती. तेव्हा मी जे विचारायला आले होते ते विचारलं.

"गुरुजी, वय पूर्ण धरायचं की चालू?"

"पूर्ण," ते झटक्यात म्हणाले. "पूर्ण वय हेच पिकलेलं फळ. चालू वय म्हणजे कच्चं."

मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. बारीक अंगाची, बालवाडीत शिकवणारी, गळ्यात ते चक्र. आवाज इतका हळू की मागच्या रांगा पुढे सरकल्या.

"मग मला चालू का लावलंत? मी म्हटलं होतं एक्केचाळीस पूर्ण. तुम्ही म्हणालात, पूर्ण वय म्हणजे गेलेलं वय, मेलेलं फूल. चालू सांगा. म्हणून मी बेचाळीस सांगितलं. म्हणून माझे दिवे विझले."

गुरू म्हणाले, "ताई, प्रत्येकाची नाडी वेगळी..."

"तिला चालू आणि मला पूर्ण?" आई उठली.

मी आईला अशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कितीही तडकलं तरी ती हं हं करते. ती तिथूनच म्हणाली, "मी आयुष्यभर मापं घेतलीयेत. टेप एकच असते. बाई जाडी असो, बारीक असो, आवडती असो, नावडती असो, टेप बदलत नाही. कपडा बसेना म्हणून जो टेप बदलतो, तो शिंपी नाही, भामटा. मला पन्नासावं चालू आहे हो. मला चालू विचारलं असतंत तर माझे दिवे पेटले असते ना? सांगा ना! पेटले असते ना?"

पणका तोपर्यंत स्टेजवर चढली होती. तिने पन्नासने गुणलं. ७१४२८५०. सात मागे मिळवला. ७१४२८५७ नाही हं, पुढचा सात आधी काढायचा. १४२८५७. सगळे दिवे पेटले. तेही महाअंकापासून!

"बघा," आई म्हणाली, आणि खाली बसली.

मग मावशी. मावशी दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, मीच सांगितलं होतं गं. दाराशी. माझ्या बहिणीला ऑपरेशन सांगितलंय, ती फार घाबरलीये म्हणून. मी म्हटलं, गुरू जरा प्रेमाने बोलतील."

कोडं संपलं. ज्याला त्रास नाही, त्याला कुठलंही वय चालतं, टाळ्या मिळाल्या की झालं. जो घाबरलेला, त्याचं पूर्ण बघायचं, नाही बसलं तर चालू बघायचं. आणि दोन्ही नाही बसलं तर? एकेक जण उठून सांगायला लागला. एकाला घराचा नंबर विचारला होता. एकीला लग्नाला किती वर्षं झाली ते. एका म्हाताऱ्याला तर जिन्याच्या पायऱ्या मोजून यायला सांगितलं होतं! सातने भाग जाणारं काहीतरी सापडेपर्यंत विचारत राहायचं. माणसाच्या आयुष्यात आकडे काय थोडे असतात?

गोंधळात गुरू मागच्या दाराने सटकले. चाक तिथेच राहिलं. दुकानदाराने ते भाड्यापोटी ठेवून घेतलं. ऐकलंय की गुरू आता दुसऱ्या शहरात नवा आकडा घेऊन बसलेत, म्हणे या वेळी शेपटीला अजून जास्त अंक आहेत.

जिना उतरताना आईने मला विचारलं, "सर्जन बाई सकाळी कितीला येतात?"

"नऊला. भीती गेली तुझी?"

"नाही गं," ती म्हणाली. "भीती आहेच. पण आता ती माझी आहे. त्याची नाही."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ निघाली, कडा स्वच्छ आल्या. औषधं चालू आहेत, केस गळतायत, ती मला म्हणते, "पणकाला टोपीचं माप घ्यायला बोलाव, ती सारखी का का विचारते, वेळ जातो."

पण हे सगळं हसून संपवता येत नाही, म्हणून शेवटचं सांगते. बालवाडीच्या बाई आईच्या बाजूच्याच खाटेवर होत्या. त्या आमच्या किती तरी आधी त्या हॉलमध्ये गेल्या होत्या आणि तेवढा सगळा काळ वाढदिवसाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांची गाठ वाट बघत बसली नव्हती, ती काखेपर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणतात, उपचार आहेत, पण लांबचे आणि अवघड. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुझ्या त्या सभेला मी आले कशाला माहितीये? माझा वाढदिवस जवळ आला होता. मला वाटलं, आता वर्तुळ उघडणार." आईने हात लांब करून त्यांचा हात धरला आणि दोघी तशाच पडून राहिल्या.

त्या आकड्यावर मी रागावलेली नाही, खरंच. तो सुंदर आहे. सहा अंकांचं असं गोल फिरणं कुणालाही वेड लावेल, मी अजूनही कंटाळा आला की त्याला कशाकशाने गुणत बसते. त्याने कुणाचं वाईट केलं नाही, त्याला कुणाचं वय माहीत नाही आणि कुणाची गाठही माहीत नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दरवेळी अचूक दिलं. लबाडी प्रश्नात होती. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर असा चमत्कार मांडला, तर खुशाल तोंडाचा आ करा, टाळ्या वाजवा, पण मग घरी येऊन स्वतः गुणून बघा, भागून बघा. आणि तो माणूस तुम्हाला काही विचारायला लागला, तर उत्तर द्यायच्या आधी त्याला विचारा, की शेजारच्याला तू हे विचारलं नाहीस, मग मलाच का विचारतोयस? आणि अंगात काही दुखत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. आज जा.